प्रहर टळला

लेखणी हाती घेण्यापूर्वी ज्यांच्या कानांची आधी सोय लावावी लागते, असे एक गृहस्थ प्रत्येक आळीत असतात. ते तुमच्याही आळीत आहेत, आणि त्यांच्याकडून चार ओळी लिहून घेण्याचा प्रसंग तुमच्यावर आला असेल, तर त्यांच्याविषयी अधिक प्रास्ताविक करण्याचे काही प्रयोजन नाही. आमच्या मिरजेत त्यांना अण्णा म्हणतात. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, अंगाने शिडशिडीत, आवाजाने मृदू आणि मताने मात्र अत्यंत करारी असे हे सद्गृहस्थ कित्येक वर्षांपासून मिरजेच्या इतिहासावर एक ग्रंथ लिहीत आहेत. त्या ग्रंथाचा प्रत्यक्ष कागदावर उतरलेला भाग मी स्वतः पाहिला आहे. तो असा : ‘मिरज हे अत्यंत प्राचीन शहर असून,’. स्वल्पविराम धरून एवढाच.

गावातल्या एका लहानशा दिवाळी अंकाच्या संपादनाचे जोखड मी आपण होऊन मानेवर घेतले असल्यामुळे, या स्वल्पविरामापुढे काय आहे हे जाणण्याची मला उत्कंठा असणे स्वाभाविक आहे. दरवर्षी आषाढात मी अण्णांकडे जातो, ग्रंथातले एखादे प्रकरण मागतो, ते आनंदाने कबूल करतात. आणि अंक छापून, विकून, उरलेल्या प्रती माळ्यावर गेल्या तरी प्रकरण काही येत नाही. आळस म्हणावा, तर माणूस भल्या पहाटे उठून बैठक मांडतो. माहितीची उणीव म्हणावी, तर मिरजेचा किल्ला, पटवर्धनांचा अंमल, बार्शी लाईटची ती चिमुकली आगगाडी, सतारमेकरांची घराणी, यांतल्या कशाविषयीही विचारा, तारीखवार उत्तर मिळेल. अडचण एकच आहे. अण्णांना संगीतावाचून लिहिता येत नाही, संगीत रागावाचून लावता येत नाही, आणि राग प्रहरावाचून निवडता येत नाही.

रागसमयाचा नियम कटाक्षाने पाळणारे पुष्कळ आहेत, परंतु ते गाणाऱ्यांत. अण्णांनी तो ऐकणाऱ्याला, आणि त्यातही ऐकता ऐकता लिहिणाऱ्याला लागू केला आहे. दिवसाचे चार व रात्रीचे चार असे आठ प्रहर, प्रत्येकी तीन तासांचे, आणि हरएक प्रहराचे राग मुक्रर. हा जुना संकेत पंडित भातखंडे यांनी स्वरांच्या आधारे सूत्रबद्ध केला आणि आपल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’त गुरुशिष्यांच्या संवादरूपाने, तोही मराठीत, सविस्तर मांडला. अण्णांच्या लेखी मात्र महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. भातखंडे वकील होते. “मास्तर, वकिलानं बांधून दिलेला नियम आहे,” ते मला बजावतात, “त्यात पळवाट सापडायची नाही.” शिवाय पंचांगात छापलेला सूर्योदय मिरजेचा नसतो, म्हणून मिनिटांची दुरुस्ती करून अण्णांनी प्रहरांचे स्वतःचे कोष्टक तयार केले असून ते टेबलासमोरच्या भिंतीवर डकवले आहे. त्यात उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे रकाने वेगळे आहेत. खाली, जुन्या सवयीने, ‘रुजुवात घेतली’ असा शेरा मारून सही ठोकलेली आहे.

लाँगप्लेच्या काळात एका रविवारी मी हट्टाने सकाळी नऊलाच त्यांच्यापुढे ठाण मांडले. प्रकरण घेतल्याशिवाय उठायचे नाही, असा निर्धार होता.

“आज तोडी,” अण्णा म्हणाले. “इतिहास तोडीत फार चांगला उतरतो.”

मी समाधानाने मान डोलावली. परंतु तोडी म्हणजे कोणती? प्रथम गुजरी निघाली. पण गुजरीत पंचम वर्ज्य. “पंचमावाचून किल्ल्याचं वर्णन उभं कसं राहायचं?” असे म्हणून ती पाकिटात परत गेली. बिलासखानी हाताला लागली, तेव्हा तिच्याकडे बराच वेळ पाहून त्यांनी गंभीरपणे सांगितले, की ही शेवटच्या प्रकरणासाठी, १९४८ साली संस्थान विलीन झाले त्या प्रसंगासाठी, राखून ठेवली आहे. उरली मियाँकी तोडी. ती कोणाची लावावी, यावर वाद झाला. वादात माझा काही भाग नव्हता, दोन्ही बाजू अण्णांनीच मांडल्या, दोन्हींकडचे साक्षीपुरावे त्यांनीच नोंदवले आणि उलटतपासणीही त्यांनीच घेतली. अखेर एक तबकडी बाहेर आली. मखमलीच्या बोळ्याने, श्वास रोखून, खाचांच्या दिशेने ती पुसली गेली; सुईच्या टोकाला लागलेला धुळीचा तंतू हलक्या फुंकरीने उडवला गेला; पेनाचे टोपण निघाले, वहीच्या समासावर हात फिरला; आणि सुई आता टेकणार इतक्यात भिंतीवरच्या घड्याळाने बाराचे ठोके देण्यास प्रारंभ केला. अण्णांनी हात मागे घेतला.

“प्रहर टळला, मास्तर.”

आवाजात खंत नव्हती. वादी गैरहजर राहिल्यामुळे दावा काढून टाकणाऱ्या मुनसफाची निर्विकार शांतता मात्र होती.

पुढचे प्रहर मी थोडक्यात आटोपतो, कारण अण्णाही ते तसेच आटोपतात. दुपारचा सारंग जेवणाच्या पानावर जातो. भीमपलासाने वाक्य सुचण्याऐवजी डोळा लागतो. मुलतानीच्या वेळेस पाहुणे येतात. तिन्हीसांजेला मारवा लागतो खरा, परंतु मारव्यात पंचम नाही आणि षड्जावरही निवांत टेकायची सोय नाही, “गाणाऱ्यालाच जिथं बसायला जागा नाही, तिथं मी बसून लिहू कुठं?” असे विचारीत अण्णा अंगणात येरझारा घालतात. यमनाच्या प्रहरी शेजारी बातम्या लागतात. दरबारीच्या वेळी वहिनी झोपलेल्या असतात आणि मालकंसाच्या वेळी स्वतः अण्णा. भैरवाच्या प्रहरात नळाला पाणी येते, आणि मिरजेत नळाला पाणी आले असता भैरवच काय, प्रत्यक्ष भैरवनाथ आले तरी त्यांना ओट्यावर थांबावे लागेल.

पावसाळ्याची मला मोठी आशा होती. मोसमात मल्हाराला वेळेचे बंधन नाही, तो कोणत्याही प्रहरी चालतो, ही सवलत खुद्द शास्त्रानेच दिली आहे. परंतु मिरजेच्या आभाळाचा स्वभाव ज्यांस ठाऊक आहे ते जाणतील, की येथे ढग येतात, थांबतात, विचार करतात आणि तालुक्याच्या पूर्व भागाला हुलकावणी देऊन निघून जातात. अण्णा खिडकीच्या गजांतून तळहात बाहेर काढून बसत. हाताला थेंब लागल्यावाचून मल्हार लावणे म्हणजे खोटी आणेवारी दाखवणे होय, असे त्यांचे मत आहे. आणि ज्याची अर्धी हयात टंचाईच्या फायली हाताळण्यात गेली, त्या माणसाशी पावसाविषयी वाद घालण्यात अर्थ नसतो. एका वर्षी पाऊस खरोखरच कोसळला. तेव्हा कौलांतून गळती लागली, आणि अण्णा, वहिनी व मी असे तिघेजण तबकड्यांचे गठ्ठे उराशी धरून या खोलीतून त्या खोलीत हिंडत होतो. मल्हार अर्थात आत पाकिटात होता.

दाक्षिणात्य संगीतात वेळेचा हा जाच प्रत्यक्ष व्यवहारात नसतो, असे मी एकदा धीर करून सुचवले, आणि आपल्या मिरजेत चिरविश्रांती घेणाऱ्या अब्दुल करीमखाँसाहेबांनीदेखील त्या संगीताचा आदराने अभ्यास केला होता, अशी पुस्तीही जोडली. खाँसाहेबांचे नाव येताच अण्णांनी कानाच्या पाळीला बोट लावले. “खाँसाहेबांची गोष्ट वेगळी,” ते म्हणाले. “बाकी तिकडचे नियम तिकडच्या हद्दीत. आपलं ठाणं मिरज.” केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली, हे वाचून सगळा महाराष्ट्र आणि गोवा अभिमानाने फुलला असेल, अण्णांना त्यात औचित्य दिसले. “भैरवी पाठवली ते शहाणपण केलं. तिथं सूर्य उगवत नाही, मावळत नाही. तोडी पाठवली असती, तर ज्याच्या हाती पडेल त्यानं लावायची कधी?” मग भैरवी तुम्हीच का लावत नाही, असे मी विचारले. भैरवीने मैफल संपते. “ज्याची सुरुवात झाली नाही, मास्तर, ते संपवू कसं?”

क्वचित सर्व ग्रह अनुकूल होतात, प्रहर सापडतो, तबकडी सापडते, सुई टेकते, आणि मग तालाचा प्रश्न उपस्थित होतो. अण्णांचा पूर्णविराम समेवरच पडला पाहिजे. अमीरखाँसाहेबांचा झुमरा लागलेला असला, की चौदा मात्रांचे ते संथ आवर्तन पुरे होऊन सम येईपर्यंत वाक्यातले क्रियापद आपल्या कर्त्याला विसरते. मल्लिकार्जुन मन्सूरांची लय लेखनाला सोईची, परंतु त्यांच्या घराण्याचा ओढा अनवट आणि जोडरागांकडे. त्यामुळे तबकडीवर नाव स्पष्ट छापलेले असताही ते न वाचता राग ओळखण्यात अण्णांची सकाळ जाते, आणि ओळखल्यावर त्या आनंदात उरलेली जाते. सतारीचा झाला सुरू झाला, तर अक्षर अव्वल कारकुनाचे न राहता डॉक्टरांचे होते. ग्रंथातील त्या सुप्रसिद्ध स्वल्पविरामाची हकिकतही अशीच आहे : ‘असून’ हा शब्द विलंबित एकतालाच्या समेवर बिनचूक आला, त्या समाधानात अण्णांनी मान हलवून दाद दिली, आणि तेवढ्यात तबकडीची ती बाजू संपली.

यंत्रांनी अण्णांवर उपकार करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. वडिलांच्या चावीच्या ग्रामोफोनवर एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत आटोपे. तेवढ्यात चावी द्या, सुई बदला, तबकडी उलटा. पेन हातात घ्यायला हातच मोकळा नसे. लाँगप्लेने वीस-बावीस मिनिटांची मुभा दिली. कॅसेटने ती पाऊण तासापर्यंत वाढवली, परंतु फीत गुरफटली की पेन्सिल तिच्या भोकात घालून गुंडाळण्याच्या कामी अण्णांच्या लेखनसाहित्याचा जेवढा उपयोग झाला, तेवढा लेखनाच्या कामी कधी झाला नाही. आता पुतण्याने मोबाईल दिला आहे. उलटायला बाजू नाही, पुसायला धूळ नाही, जगातले गाणे बोटाच्या टोकाशी आहे. पण घरात चार तोड्या होत्या, तेव्हा त्यांतून एक निवडायला प्रहर पुरत नसे. आता तोड्या शेकडो आहेत, प्रहर तेवढाच आहे.

‘प्रहर टळला’ हा शेरा हळूहळू त्या घराच्या सर्व कारभारावर पडू लागला. साडेसहाची एसटी चुकली : प्रहर टळला. भाजी बाजारात दहानंतर गेले, मेथी जून निघाली : प्रहर टळला. एका दूरच्या नातलगाने पन्नाशी उलटल्यावर लग्न ठरवून पत्रिका दिली. अण्णांनी ती उलटसुलट वाचून चष्मा काढला, आणि ते काय म्हणाले हे सांगण्याची गरज नाही. वहिनींनी मात्र या हत्याराचा उपयोग एकदाच, पण नेमका केला. तबकडीच्या नादात चहा निवून गेला, आणि अण्णांनी दुसरा मागितला. वहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “प्रहर टळला.” त्या दिवशी अण्णांना निवलेला चहा प्यावा लागला.

आता ज्या गोष्टीमुळे माझ्या मनातल्या या नीटनेटक्या आकसाला तडा गेला, ती सांगणे प्राप्त आहे. अण्णा नोकरीत असताना त्यांची बदली काही काळ दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी झाली होती. नाव घेत नाही. शाळेच्या कामासाठी मी तेथे गेलो, तेव्हा लग्नसराई होती. कचेरीच्या दारावरून बँड चालला होता, समोरच्या हॉटेलात रेडिओ पूर्ण गळ्याने गात होता, शिपाई पुकारा करीत होता, आणि दोन टंकलेखन यंत्रांची टकटक या सर्वांवर मात करण्याच्या खटपटीत होती. अण्णांच्या टेबलाशी वाडीवरची एक म्हातारी उकिडवी बसली होती. नवरा वारला होता आणि वारसाची नोंद अडली होती. अण्णांनी तिला चार प्रश्न विचारले, कोरा कागद ओढला आणि पाव तासात, एकही अक्षर न खोडता, पानभर अर्ज लिहून काढला. शाई वाळेपर्यंत मी तो वाचला. त्यात ‘अर्जदार वृद्ध व निराधार आहे’ असे नेहमीचे गाऱ्हाणे कोठेही नव्हते; तिने कचेरीत घातलेल्या खेपांच्या तारखा तेवढ्या एकाखाली एक मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी तिला मिळालेले उत्तर. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मान वर करणे कठीण व्हावे, असे ते गद्य होते. माझ्या अंकात मी तितके चांगले गद्य क्वचितच छापले आहे.

म्हातारी अंगठा देऊन गेल्यावर मी म्हणालो, “अण्णा, एवढा बँड वाजत असताना तुम्ही लिहिता कसे?”

अण्णांनी दचकून माझ्याकडे पाहिले. “कुठला बँड?”

म्हणजे ज्या माणसाला संगीतावाचून लिहिता येत नाही अशी गावभर ख्याती, तो सबंध हयात भर गलबल्यात लिहीत आला होता, आणि उत्तम लिहीत आला होता. मग घरी हा खटाटोप कशासाठी? याचा उलगडा वहिनींनी केला, तोही मोठ्या सहजपणे, मी माळ्यावरून कॅसेटचे खोके उतरवून देत असताना. “आमच्या मामंजींना रिकामा बसलेला पोरगा खपायचा नाही, भावोजी. बाजा ऐकायचाय, तर पुस्तक उघडून बस म्हणायचे. नाहीतर ऊठ, गोठ्यात जा. तेव्हापासूनची ह्यांची खोड आहे. वही उघडी असल्याशिवाय ह्यांना गाणं ऐकताच येत नाही.” खोके घेऊन त्या आत वळल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, “कुणी आलं तर मी आपली सांगते, लिहायला बसलेत.” आपल्याला गाण्यातले काही कळत नाही असे या बाई सांगतात; पण आत विलंबित संपून द्रुत सुरू झाले, की त्याच क्षणी त्या चहाचे आधण चढवतात, आणि चहा बरोबर शेवटच्या तिहाईला टेबलावर येतो.

हे कळल्यावरही माझा राग पुरता गेला असे नाही. प्रकरण मला हवेच आहे. परंतु परवा एक प्रसंग घडला. पुतण्या पुण्याच्या एका कंपनीचे काम घरूनच करतो. रात्री नऊच्या सुमारास तो कानांवर यंत्र चढवून संगणकापुढे बसला होता आणि त्याची बोटे भराभर चालली होती. अण्णांनी कुतूहलाने ते यंत्र मागून घेतले आणि स्वतःच्या कानाला लावले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. सरोदवर अहीर भैरव चालला होता. रात्री नऊला, सकाळचा राग! मी आता तो सुप्रसिद्ध शेरा ऐकण्याच्या तयारीत राहिलो.

“कोण वाजवतंय रे?” अण्णांनी विचारले.

“काय माहीत, काका. एकाग्रतेसाठी म्हणून तयार यादी असते. चालू ठेवायची. कामाला बरी पडते.”

अण्णा सबंध आलाप उभ्या उभ्या ऐकत राहिले. प्रहराचा त्यांनी उच्चारही केला नाही. यंत्र परत करताना एवढेच म्हणाले, “कोण आहे, एवढं तरी विचारावं रे. माणूस वाजवतोय.”

पुतण्याने मान हलवली आणि काम वेळेत पुरे केले. तो त्याचे काम नेहमीच वेळेत पुरे करतो, आणि त्यासाठी त्याला बढती मिळाली, याचा आम्हां सर्वांना आनंद आहे. संगीताला या नव्या जमान्याने कामगारांच्या हजेरीपटावर घेतले आहे : सकाळी उत्साह आणावा, दुपारी एकाग्रता पुरवावी, रात्री झोप लावावी, आणि आपले नाव-गाव सांगून कोणाचा वेळ घेऊ नये. अण्णांना दोष देणारा मी, त्या रात्री घरी परतताना, मनातल्या मनात अण्णांच्या बाजूने उभा होतो, हे मला नाइलाजाने नमूद करावे लागते. त्यांनी एक ओळ लिहिली, पण जे ऐकले त्यातल्या प्रत्येक गवयाला नावाने ओळखून, उठून जागा देऊन ऐकले.

यंदाचा अंक छपाईला गेला आहे. त्यात मिरजेच्या इतिहासावरचे प्रकरण नाही. वाचकांना माझी एकच विनंती आहे : तुमच्या आळीतल्या अण्णांना भेटाल, तेव्हा ‘किती पाने झाली?’ असे कृपा करून विचारू नका. विचारायचेच असेल तर आज काय लावले आहे ते विचारा. आणि तेही हाताशी मोकळा प्रहर असेल तरच.